बॅटरी बदलायच्या आधी डायनमोच्या दोन वायरी काढून बघा

संपादक साहेब, स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात शेतीच्या पानावर नवीन ट्रॅक्टरबद्दल भरपूर येतं, कोणता किती एचपीचा, सबसिडी कशी मिळते वगैरे. पण आमच्या चोपडा-यावल पट्ट्यात कितीतरी खळ्यांमधे अजून वडिलांच्या वेळचे ट्रॅक्टर आहेत आणि ते शोभेला नाहीत, रोज कामाला जातात. त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

आमचा महिंद्राचा बी 275 आहे. इंजिनाची काहीच तक्रार नाही. पण गेल्या दसऱ्यानंतर बॅटरी सारखी बसायला लागली, सेल्फ मारला की नुसतं टक्, आणि रात्रीची थ्री फेजची (पंपाच्या विजेची) पाळी असली की केळीत पाणी धरायला जाताना हेडलाईट पणतीसारखा. मेकॅनिकला बोलावलं तर त्याने मीटर नाही का काही नाही, सरळ सांगून टाकलं, "आप्पा, बॅटरी गयी, नवी लई या." साडेसहा हजार गेले, जुनी मोडीत दिली. नवी तीन आठवडे चालली. मग म्हणे डायनमो (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) गेला. वायंडिंगवाल्याने आर्मेचर, म्हणजे आत फिरणारं वायंडिंग, चांगलं आहे म्हणून सांगितलं, तरी त्याला घासून करंट घेणारे कार्बन बदलून पैसे घेतलेच, आणि परत तेच रडगाणं. शेवटी मेकॅनिक म्हणे हा डायनमो फेका, नव्या गाड्यांना असतो तसा अल्टरनेटर बसवा. तोपर्यंत माझा ट्रॅक्टर रोज रात्री पाटाच्या भरावावर मुक्कामाला, सकाळी उतारावरून सोडला की चालू.

गावात एसटी डेपोतून रिटायर झालेले एक नाना आहेत, त्यांच्या कानावर गेलं तर ते स्वतःच आले, खिशात तीन-चारशे रुपयाचं मल्टिमीटर. आधी पट्टा दाबून बघितला, बोटाने अर्धा-पाऊण इंच दबला, म्हणजे बरोबर. मग ट्रॅक्टर चालू करून रेस वाढवली आणि बॅटरीवर मीटर लावलं. चार्जिंग होत असेल तर चौदाच्या आसपास व्होल्ट दिसायला पाहिजे, आमचं बारा पॉईंट एकवरच. (नुसत्या आयडलला, म्हणजे रेस न देता, डायनमो चार्ज करत नाही, तेव्हा चार्जिंग दाखवणाऱ्या अँपिअर मीटरचा काटा मायनसमधे दिसला म्हणून लगेच घाबरू नका, हे नानांचंच.)

आता मुद्द्याचं. डायनमोला मागे दोन टर्मिनल असतात, मोठं डी आणि लहान एफ. दोघांच्या वायरी काढल्या, डी आणि एफ एका तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडले, मीटरची एक वायर त्या जोडाला, दुसरी डायनमोच्या बॉडीला, आणि हळूहळू रेस दिली. आकडा भराभर चढून अठरावर गेला, नाना लगेच ओरडले बस, वीसच्या पुढे नेऊ नको. म्हणजे डायनमो एकदम ठणठणीत! आकडा चढलाच नसता तर कार्बन बघायचे, अर्धा-एक व्होल्टवर अडकला असता तर फिल्ड कॉईल, म्हणजे आतलं न फिरणारं वायंडिंग. एवढ्या साध्या तपासणीला पाच मिनिटं लागली आणि माझे कार्बनचे पैसे फुकट गेले होते.

मग राहिला रेग्युलेटर, म्हणजे डायनमोचा दाब (व्होल्टेज) आवरणारा डबा. त्याच डब्यात कटआऊट असतो, डायनमोचा दाब बॅटरीपेक्षा थोडा जास्त झाला की तो जोडतो आणि कमी झाला की तोडतो, नाहीतर बॅटरीचाच करंट उलटा डायनमोत जाईल. पण त्याच्या कॉईलला अर्थिंग, म्हणजे बॉडीशी जोड, मिळालं तरच तो ओढतो. वायरी होत्या तशा परत लावल्या, ट्रॅक्टर चालू केला, नानांनी एक वायर घेतली, एक टोक रेग्युलेटरच्या ई (अर्थच्या) टर्मिनलला, दुसरं बॅटरीच्या अर्थच्या बाजूला, आणि रेस दिल्याबरोबर अँपिअर मीटरचा काटा टपकन प्लसमधे! महिनाभरात पहिल्यांदा.

पत्र्यावरून रेग्युलेटर खोलला तर खाली लालभडक नवा रंग. दसऱ्याला ट्रॅक्टर रंगवला होता ना, पेंटरने रेग्युलेटर काढून खालचा पत्रासुद्धा मन लावून रंगवला आणि अर्थची वायर त्या रंगावरच कसून टाकली. रंगातून करंट कसा जाणार. पॉलिश पेपरने चकचकीत घासलं, स्क्रू आवळला, खर्च शून्य. आणि असंच चालवत राहिलो असतो तर रेग्युलेशन नाही म्हणून फिल्ड कॉईल तापून जळायची, ते वेगळंच.

अल्टरनेटर वाईट असं माझं म्हणणं नाही, आयडललाही चार्ज करतो. पण आपल्याकडे एकाची बॅटरी चालू इंजिनवर काढून दुसऱ्याला लावायची जी सवय आहे ना, त्यात अल्टरनेटरचे डायोड उडतात. आणि जुन्या काही गाड्यांना बॅटरीचा प्लस बॉडीला असतो, हे न बघता बॅटरी जोडणारे पण आहेत.

तर विनंती एवढीच की शेतीच्या पानावर महिन्यातून एकदा तरी जुन्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीला कोपराभर जागा द्या, नानांसारखे लोक अजून सांगायला तयार आहेत तोवर. आणि चोपड्याकडे कोणी जुनी म्हणून मोडीतली बॅटरी घेतली असेल तर ती एकदा नीट चार्ज करून बघा, ती माझी असेल तर चांगली आहे.

एक शेतकरी वाचक,
ता. चोपडा, जि. जळगाव