छकुलीच्या कामाबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "आपल्या घरची लेक कॉलेजात झाडलोट करणार नाही." तेव्हापासून मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

छकुलीचा नंबर कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, इंजिनिअरिंगला लागला. 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकारनं 2024-25 पासून माफ केलीय, म्हणून दादा निर्धास्त आहे. पण खोली, मेस, पुस्तकं? सोयाबीनच्या पैशात ते कसं भागणार?

तिच्या कॉलेजात 'कमवा आणि शिका' आहे. तास सुटल्यावर दोन-तीन तास ग्रंथालयात, ऑफिसात नाहीतर बागेत काम, आणि पैसे तिच्याच खात्यावर. मागेल त्याला ते मिळत नाही. रेग्युलर प्रवेश लागतो, घरची परिस्थिती बेताची असल्याचा दाखला लागतो, आणि जागा मोजक्याच असतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी बहुजनांची पोरं अशीच हातानं काम करायला लावून शिकवली. त्यात कमीपणा कसला?

बाबा, एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती. 2012 च्या दुष्काळात विहीर आटली, तुम्ही बैल विकले, तेव्हा मी कळवलं होतं की शिष्यवृत्ती आलीय, पैसे पाठवू नका. शिष्यवृत्ती आली नव्हती. मी ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांना खळ लावून पाठी चिकटवायची. खळ वाळली की बोटांची कातडी ओढायची. जेवायला बसण्याआधी ती नखानं खरवडून काढायची. पहिल्या पैशातून मेसचं बिल भरलं आणि आईसाठी चप्पल घेतली. आई, तीच ती, तू लग्नाकार्यालाच घालायचीस.

आता कामाचं. दादानं मागच्या वर्षी काढलेल्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत 31 मार्चला संपली. तो चालणार नाही. नवा काढावा लागेल. आधी तलाठ्याचा अहवाल, मग आधार, रेशन कार्ड, सातबारा घेऊन सेतूत अर्ज. फी माफीलाही हाच दाखला लागतो. सेतूत गर्दी आहे, तेव्हा सोमवारीच जाऊ द्या.

आणि बाबा, तुम्ही सोबत जा. चारचौघांत तलाठ्यानं उत्पन्न विचारलं की दादा लाजेनं आकडा वाढवून सांगतो. जेवढं आहे तेवढंच सांगायला लावा.

तुमची,
ताई