फॉर्ममध्ये आत्या नव्हती

महोदय,

गेल्या वर्षी, वयाच्या ५७व्या वर्षी, माझ्या डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. गाठ ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकारची, म्हणजे गाठीच्या नेहमीच्या तिन्ही चाचण्या निगेटिव्ह आलेली, म्हणून डॉक्टरांनी ब्रॅका जनुकांची तपासणी करायला सांगितली. या जनुकांत दोष असला तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तपासणीआधी जनुकीय समुपदेशकाशी बोलायचे, तर तारीख महिन्यानंतरची. म्हणून प्रयोगशाळेने मोबाइलवर लिंक पाठवली. केमो होऊन तीन दिवस झाले होते. ऐरोलीच्या घरी अंथरुणात पडून मी त्यातले व्हिडिओ पाहिले. न समजलेला भाग मागे नेऊन पुन्हा ऐकला. रक्तही घरी येऊन नेले. अंगात त्राण नसताना ही सोय किती मोलाची असते, ते मी अनुभवले आहे आणि ती बंद व्हावी असे मला मुळीच वाटत नाही.

अडचण आली ती नातेवाइकांच्या माहितीत. मराठी फॉर्ममध्ये ‘वडिलांकडील काकू’ असा रकाना होता. माझ्या काकूला स्तनाचा कॅन्सर झाला होता, मी ‘होय’ भरले. इंग्रजीतल्या ‘आंट’चे कुणीतरी ‘काकू’ केले होते, हे नंतर कळले. काकू लग्न होऊन आमच्या घरात आलेली. तिच्या आजाराचा माझ्या जनुकांशी काय संबंध? आत्याला मात्र फॉर्मभर कुठे जागाच नव्हती.

रिपोर्ट रात्री साडेनऊला मोबाइलवर आला. ब्रॅका १, आणि पुढे लाल अक्षरांत ‘पॅथोजेनिक’, म्हणजे आजार घडवू शकणारा दोष. घरी मी आणि हे दोघेच. मुलगी पुण्याला. मी त्या लिंकवरच्या चॅटबॉटला विचारले, ‘माझ्या मुलीला होईल का?’ त्याने तिसरा व्हिडिओ पुन्हा पाहायला सांगितला. ती रात्र आम्ही दोघांनी बसून काढली.

आठ दिवसांनी समुपदेशक बाई व्हिडिओ कॉलवर भेटल्या. त्यांनी मराठीत विचारले, ‘तुमच्या वडिलांना बहिणी किती? त्या कशाने गेल्या?’ मी सांगितले, थोरली आत्या पोटात पाणी होऊन गेली, १९८७ साली, ४४व्या वर्षी. त्या थांबल्या आणि पुन्हा नीट विचारू लागल्या. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये पोटात असे पाणी साठते. आमच्या रोह्याकडच्या गावात तेव्हा त्या आजाराचे नाव कुणाला ठाऊक असणार? ‘पोटात पाणी झाले’, ‘पिशवीचा आजार’ एवढेच बोलले जायचे. फॉर्ममध्ये ‘ओव्हेरियन कॅन्सर’समोर मी प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिले होते.

हा दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो, आणि ज्याच्यात तो आहे त्याच्या प्रत्येक अपत्यात, मुलगा असो वा मुलगी, उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. दोष असलेल्या १०० बायकांपैकी ६०हून अधिक जणींना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कॅन्सर होतो. ‘हा बायकांचा आजार’ म्हणणारा माझा भाऊ बाईंशी बोलल्यावरच तपासणीला तयार झाला. त्याला दोन मुली आहेत.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी समुपदेशकाऐवजी वेबसाइटवरून माहिती आणि निकाल देऊन पाहण्याचे अभ्यास केले आहेत. समुपदेशक थोडे आणि रुग्ण फार, म्हणून आपल्याकडेही हे वाढणारच. पण तिथला फॉर्म नुसता भाषांतर करून चालणार नाही. आत्या, मावशी, काका, मामा वेगवेगळे विचारा; काकू आणि मामी वगळा. आजार आमच्या बोलीत विचारा. आणि दोष सापडला असेल तर लिंक पाठवण्याआधी माणसाने फोन करावा. २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांमुळे डॉक्टरांना व्हिडिओवर सल्ला देता येतो, त्यामुळे रुग्णाला प्रवासही पडणार नाही. ठाणे आणि नवी मुंबईच्या महापालिकांनी निदान असा एक मराठी फॉर्म तरी तयार करवून घ्यावा. खारघरला टाटा स्मारक केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर उपचार आणि संशोधन केंद्र आहे, जाणकार माणसे जवळच आहेत.

आत्याच्या दोन्ही मुली रोह्याला असतात, थोरली पन्नाशीची आहे. त्यांना मी रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. तो चार पानी आहे, सगळा इंग्रजीत. येत्या रविवारी मी स्वतः जाऊन त्यांना समजावून सांगणार आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, ऐरोली, नवी मुंबई