भूल कोण देणार? केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय आरोग्यमंत्री,
सादर नमस्कार.

विदर्भातल्या एका ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात माझ्या नोकरीची शेवटची अकरा वर्षे गेली. त्यातली तीन वर्षे आमच्याकडे स्त्रीरोगतज्ज्ञ बाई होत्या, पण भूलतज्ज्ञ नव्हते. भूलतज्ज्ञ आले तोवर बाईंची बदली झालेली. कागदावर दोन्ही वेळा एक पद भरलेलेच दिसायचे, सीझर मात्र एकही नाही. बाळंतीण अडली की १०८ बोलवायची आणि जिल्ह्याला रेफरची चिठ्ठी लिहायची. अशा किती चिठ्ठ्या लिहिल्या ते मोजायचे मी पुढे सोडून दिले.

२०१४ पूर्वी देशात एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा होत्या, २०२४ मध्ये त्या १,१२,००० च्या वर गेल्या. पाच वर्षांत आणखी ७५,००० वैद्यकीय जागांची घोषणा पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून केली. गडचिरोली, वाशीम, बुलडाणा, हिंगोलीला सरकारी महाविद्यालय मिळाले याचा मला मनापासून आनंद आहे. पण ग्रामीण आरोग्य सांख्यिकीचा २०२१-२२ चा अहवाल उघडा. सामुदायिक आरोग्य केंद्रांना, म्हणजे आमच्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांना, लागणाऱ्या शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञांपैकी सुमारे ८० टक्के जागेवर नव्हते. जागा दुपटीकडे निघाल्या होत्या त्याच काळातला हा आकडा आहे.

२०२४ मध्ये संसदेत उत्तर आले की दर ८३६ लोकांमागे एक डॉक्टर आहे. त्या हिशेबात आयुषचे, म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंचे, ५.६५ लाख वैद्य मिळवलेले होते आणि नोंदणी झालेल्यांपैकी ८० टक्के उपलब्ध आहेत असे गृहीत धरलेले होते. तो डॉक्टर मुंबईत दादरला बसतो की गडचिरोलीतल्या धानोऱ्याला, भूल देतो की केस गळण्यावर उपचार करतो, याचा त्या आकड्याला पत्ता नसतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये प्रत्येक राज्यात दहा लाख लोकसंख्येमागे एमबीबीएसच्या जास्तीत जास्त १०० जागा असे सूत्र काढले. दक्षिणेतल्या राज्यांनी हरकत घेतली आणि ते पुढे ढकलले गेले. माझी हरकत वेगळी आहे. राज्य हे एकक धरले की मुंबई-पुण्याच्या गर्दीत गडचिरोली झाकली जाते.

आता काळाचा हिशेब. आज प्रवेश घेतलेली मुलगी साडेपाच वर्षांनी एमबीबीएस होऊन बाहेर पडेल, पदव्युत्तर प्रवेश पहिल्या फटक्यात मिळाला तर त्यावर तीन वर्षे, मग बाँडची सक्तीची सरकारी सेवा. स्वतंत्रपणे रुग्ण हातात घेईपर्यंत २०३५ उलटेल. तेव्हा तिच्यासमोर कोण बसलेले असेल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, १.७ वर आला. साठीपुढची माणसे २०११ मध्ये देशाच्या ८.६ टक्के होती, २०५० पर्यंत ती पाचात एक होतील असा अंदाज आहे. मधुमेहींची संख्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अभ्यासानुसार दहा कोटींवर आहे. म्हणजे बाळंतपणे कमी होत जाणार, आणि डायलिसिस, मोतीबिंदू, पक्षाघातानंतरचा व्यायाम, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या पाठीवरचे व्रण वाढत जाणार. यातल्या निम्म्या कामाला डॉक्टर लागतच नाही. फिजिओथेरपिस्ट, डायलिसिस टेक्निशियन आणि चांगली नर्स लागते. त्यांची गणती घोषणेत कुठे असते?

पदव्युत्तर जागा ठरतात त्या महाविद्यालयात प्राध्यापक किती, खाटा किती यावर. जिल्ह्याला काय हवे आहे हे त्या फॉर्मवर विचारलेले नसते. मग मुले रेडिओलॉजी आणि त्वचारोग आधी उचलतात. त्यांना दोष कशाला द्यायचा, मीही वीस वर्षांनी लहान असतो तर तेच केले असते.

इंग्लंडने २०२३ मध्ये आपल्या आरोग्यसेवेसाठी पंधरा वर्षांची मनुष्यबळ योजना छापली. ती पुरी होईल की नाही ते त्यांचे ते बघतील, पण आकडे लोकांसमोर आहेत आणि चुकले तर दाखवता येतात. आपल्याला हे नवीन नाही. स्वातंत्र्याआधी आरोग्यसेवेची आखणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये डॉक्टरांबरोबर परिचारिकांचाही हिशेब मांडला होता. १९८६-८७ मध्ये तर खास आरोग्य मनुष्यबळाच्या नियोजनासाठी बजाज समिती बसली. ती अहवालाची कपाटे एकदा उघडायला लावा.

आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, असे उत्तर येईल. पण वैद्यकीय शिक्षण समवर्ती सूचीत आहे आणि जागा, नीट, आयोग सगळे दिल्लीत आहे. त्यामुळे मागणे आपल्याकडेच. २०३६ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात कोणत्या आजाराचे किती रुग्ण असतील आणि त्यांना कोण-कोण लागेल, याचा तक्ता काढा, छापा, दर दोन वर्षांनी दुरुस्त करा. तज्ज्ञांची पदे सुटी मंजूर करू नका. सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटरची नर्स आणि रक्तसाठा हे एकत्रच मंजूर व्हावे, एकत्रच भरले जावे. तोवर एमबीबीएस डॉक्टरांना काही महिन्यांत भूल शिकवण्याचा कार्यक्रम आहेच, पण त्यातून तयार झालेल्या माणसाची बदली तरी सांभाळून करा. आमच्या जिल्ह्यातला असा एक डॉक्टर परत आला तो थेट ऑपरेशन थिएटरच नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात.

आणि एक. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. आमच्याकडे नऊ वर्षे कंत्राटी असलेली एक सिस्टर मागच्या महिन्यात घरी आली होती. रात्रपाळी करून जर्मनचे क्लास करते म्हणाली. "सर, अनुभवाच्या दाखल्यावर तुमची सही हवी होती." मी केली.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधीक्षक