संमोहन : करमणूक नव्हे, उपचार

महोदय,

संमोहन म्हटले की रंगमंचावर प्रेक्षकांकडून गमतीजमती करून घेणारा जादूगार डोळ्यांसमोर येतो आणि या प्रतिमेपायीच अनेक रुग्ण एका उपयुक्त उपचाराकडे पाठ फिरवतात. वस्तुतः १८४५ मध्ये, भूल देण्यासाठी क्लोरोफॉर्मचा वापर सुरू होण्याच्या दोन वर्षे आधी, बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने रुग्णांना मोहनिद्रेत नेऊन शस्त्रक्रिया केल्या होत्या. आज ब्रिटनमधील ‘नाइस’ ही उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणारी संस्था, वर्षभर औषधे घेऊनही आराम न पडलेल्या ‘आयबीएस’ या आतड्याच्या विकारात संमोहन उपचाराचा विचार करावा, असे सुचवते. संमोहित व्यक्ती परस्वाधीन नसते. तिचे लक्ष एकवटलेले असल्याने वेदना किंवा चिंता कमी करणाऱ्या सूचना ती अधिक सहजपणे स्वीकारते, इतकेच.

मात्र संमोहनातून गतजन्म दाखवण्याचा दावा करणाऱ्यांपासून (अशा जाहिरातींची वाण नाही) दूर राहावे, कारण या अवस्थेत खोट्या आठवणीही खऱ्या वाटू लागतात. गंभीर मनोविकार असलेल्यांनी तर मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हा मार्ग धरूच नये. उपचारकाची पात्रता कशी पडताळावी, याविषयी आपल्या आरोग्य पुरवणीत तज्ज्ञांचा सविस्तर लेख प्रसिद्ध करावा, ही विनंती.

— एक वाचक, पुणे