प्रांजली, तू जहाजावर जा

प्रिय प्रांजली,
अनेक आशीर्वाद.

गोव्याच्या संस्थेच्या समुद्र-संशोधनाच्या जहाजावर शिकायला जायचंय, असा तुझा फोन आल्यापासून घरात दुसरा विषय नाही. आई म्हणते, "पोरीले पवता येत नाही, अन् समुद्रात कायले धाडता?" काकाचं वेगळंच. भूगर्भशास्त्र म्हणजे कोळशाची खाण, तर वणी-चंद्रपूरकडे ओळख काढू, गोव्याला कशाला? फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो. तू जा. फॉर्मवर पालकाची सही लागते ती मी केली आहे.

बोअरचं आठवतं का तुला? तू सातवीत होतीस. पाणाड्याने तळहातावर नारळ धरून धुऱ्याजवळची जागा दाखवली, गोडं पाणी लागेल म्हणाला. मशीन रात्रभर चाललं. काळी माती संपली, पिवळी चिकणमाती आली, मग चुनखडीचे खडे, मग रेती, पुन्हा चिकणमाती. पहाटे पाणी लागलं. ओंजळीत धरून तोंडाला लावलं आणि थुंकलो. खारपाणपट्ट्यात हे नवं नाही. आजोबांच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे, घागरीला पांढरा थर धरायचा. पण त्या बोअरचं कर्ज फेडायला मला चार वर्षं लागली. दुसऱ्या दिवशी तू वर आलेल्या मातीचे ढीग रंगाप्रमाणे ओळीने मांडलेस आणि विचारलंस, बाबा, पिवळीच्या खाली रेती कशी? इथून नदी वाहत होती का? मला उत्तर देता आलं नाही. गावात कोणालाच देता आलं नसतं.

म्हणून तू अमरावतीला भूगर्भशास्त्र हा विषय घेतलास तेव्हा मी अडवलं नाही.

आता तू सांगतेस की जहाजावरून समुद्राच्या तळात लांब नळी सोडतात आणि गाळ थरासकट वर येतो. खोल समुद्रात हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर गाळ बसतो. म्हणजे बोटभर गाळात किती पिढ्यांचे पावसाळे असतील! त्यात रेतीच्या कणाएवढ्या जीवांची कवचं असतात, आणि त्या कवचातल्या ऑक्सिजनवरून तेव्हाचं पाणी किती ऊन होतं, पाऊसमान कसं होतं, याचा माग काढतात. ज्याचं पोटच पावसावर आहे, त्याला हे ऐकून काय वाटलं असेल, तूच समज.

तुमच्या सरांनी सांगितलेली दुसरी गोष्ट तर मी शेजारच्या चौघांना सांगितली. अरबी समुद्राच्या आपल्या बाजूच्या गाळात दख्खनच्या काळ्या दगडापासून झालेली चिकणमाती सापडते, आपल्या काळ्या मातीत असते तीच. आपल्या वावरातली माती नाल्यातून पूर्णेत जाते, पूर्णा चांगदेवपाशी तापीला मिळते, तापी सुरतेकडून समुद्राला. दर पावसाळ्यात बांध फुटला की माझा जीव तुटतो. ती माती शेवटी कुठे बसते, हे बघायला घरातलं माणूस चाललंय.

काकाला मी समजावलं. खाणीतली नोकरी वाईट नाही. पण ह्या विषयातली वाट तेवढ्यावरच संपत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मोठं कार्यालय आपल्या नागपुरातच आहे, त्यांचं समुद्राच्या तळाचंही काम चालतं. त्यासाठी एमएस्सी करून यूपीएससीची परीक्षा द्यावी लागते. राज्याचं भूजलाचं खातं आहे. गोव्यात दोना पावलाची समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आहे. यातलं काय आपल्याला जमेल, आवडेल, हे नुसत्या पुस्तकावरून कळत नाही. वखर धरायला मला आजोबांनी हात धरून शिकवलं, तेव्हा आला. पदवीच्या वर्षांतच हात चिखलात गेले पाहिजेत, पुढे उशीर होतो.

इंग्रजी कच्चं आहे, बाकीची मुलं शहरातली आहेत, असं तू दोनदा म्हणालीस. अदिती पंत नागपुरात जन्मल्या. त्या समुद्रशास्त्रज्ञ, गोव्याच्या त्याच संस्थेत काम केलं. १९८३ मध्ये निघालेल्या मोहिमेतून त्या आणि भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकाला गेल्या. शास्त्रीय मोहिमेतून तिथे पोहोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. चिकणमाती हाताला लागली की ती गाळाची की मुरमाची, हे तुला लहानपणापासून कळतं. ते तिकडे कामी येईल. जे कळणार नाही ते विचार, लाजू नको.

समुद्र मी एकदाच पाहिला, मोर्चाला मुंबईला गेलो तेव्हा. बोट बुडवून जिभेला लावलं होतं. आपल्या बोअरपेक्षा कितीतरी खारट. लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असतात म्हणालीस. ते मोजायचं यंत्र कसं वापरतात, ते नीट शिकून घे.

तूर विकली, त्यातले पैसे तुझ्या खात्यावर टाकले आहेत. बोट लागते म्हणतात, म्हणून आईने आल्याच्या वड्या केल्या आहेत. रडत रडत केल्या, पण केल्या. शनिवारी दर्यापूरच्या स्टँडवर मी घ्यायला येतो. बोअरचं पाणी बाटलीत भरून झाकण घट्ट लावून ठेवलंय, गोव्याला निघताना ते बॅगेत टाक.

तुझा,
बाबा