आधी इंजिनाची ओळख, मग टॅपेटचा आकडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींच्या देखभालीवर आलेला लेख वाचला. त्यात दोन सिलिंडरच्या ट्रायम्फचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा (रॉकर) यांच्यामधली फट, इनलेटला (मिश्रण आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) ०.००२ आणि एक्झॉस्टला (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला) ०.००४ इंच ठेवावेत, असे सरसकट म्हटले आहे. हा आकडा खोटा नाही, परंतु तो कोणत्या इंजिनाचा हे लेखात कुठेच येत नाही आणि नेमके तिथेच वाचकाचे नुकसान होण्याचा धोका आहे.

५०० सीसीचेच उदाहरण घ्या. ट्रायम्फच्या ५टीए आणि नंतरची टी१०० डेटोना या मॉडेलांची इंजिने बाहेरून पाहणाऱ्याला सख्खी भावंडे वाटतात. मात्र डेटोनाला वरील आकडा चालतो, तर ५टीएच्या कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्याचा) चढ संथ असल्याने तिला दोन्हीकडे ०.०१० इंच फट लागते. तिथे ०.००४ ठेवल्यास एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लवकर उचलला जातो, उशिरा बसतो, आणि आपली बहुतेक उष्णता तो सीटवर (व्हॉल्व्ह बसण्याच्या कड्यावर) टेकलेला असतानाच बाहेर टाकत असल्यामुळे अखेरीस जळतो. फट जास्त राहिली तर निदान खडखडाट ऐकू येतो. कमी राहिली तर इंजिन गोड आवाजात चालत राहते, म्हणून ही चूक अधिक घातक.

ओळख पटवताना टाकीवरच्या बिल्ल्यावर विसंबू नये, कारण टाक्या सहज बदलल्या जातात. ट्रायम्फचा इंजिन क्रमांक डाव्या बाजूला, सिलिंडरच्या बुडाशी क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या आवरणावर) कोरलेला असतो. ६५० सीसीमध्ये गिअरबॉक्स वेगळा असेल तर इंजिन १९६३ पूर्वीच्या रचनेचे. इंजिन व गिअरबॉक्स एकाच आवरणात असतील आणि हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) नऊ बोल्ट असतील तर त्यानंतरचे. पुढे १९६९ च्या मॉडेलपासून क्रमांकाच्या आरंभी दोन अक्षरे येतात, पहिले महिन्याचे आणि दुसरे वर्षाचे. या दुसऱ्या अक्षरात 'सी' म्हणजे १९६९, 'डी' म्हणजे १९७०. अर्थात, क्रमांक सांगतो ते फक्त क्रँककेसविषयी. आतला कॅम मधल्या काळात कुणी बदलला असेल, तर टायमिंगची (कॅम फिरवणाऱ्या गिअरांची) बाजू उघडून कॅमवरची खूण वाचणे हाच खात्रीचा मार्ग. हे काम किचकट आहे, पण व्हॉल्व्ह जाळण्यापेक्षा बरे.

बुलेटवर हात बसलेल्या मेकॅनिकला आणखी एक सावधगिरी हवी. ओतीव लोखंडी सिलिंडरच्या बुलेटमध्ये थंड इंजिनावर पुशरॉड (कॅमचा धक्का रॉकरपर्यंत नेणारा दांडा) बोटांनी मोकळा फिरावा, पण वरखाली हलू नये, एवढेच पाहतात. ती सवय ट्रायम्फवर चालत नाही. ट्रायम्फचे दोन्ही पिस्टन एकत्र वरखाली होत असल्याने तिची पद्धत वेगळी आहे: इंजिन पूर्ण थंड असताना प्लग काढावेत, वरचा गिअर टाकून मागचे चाक फिरवावे, एक इनलेट पूर्ण उघडला की दुसऱ्या इनलेटची फट लावावी, आणि एक्झॉस्टच्या जोडीचेही तसेच करावे. रॉकरच्या किंवा व्हॉल्व्हच्या टोकाला खड्डा पडलेला असेल तर फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) त्यावरून आडवा जातो आणि खरी फट मोजलेल्या फटीपेक्षा जास्त निघते. अशा वेळी स्क्रूचे फिरणे मोजणे सोयीचे, कारण ट्रायम्फच्या ॲडजस्टर (फट कमीजास्त करणाऱ्या) स्क्रूला इंचात २६ आटे असल्याने पाव फेरा म्हणजे जवळजवळ ०.०१० इंच होतात. स्क्रू जागेवर धरणारा लॉकनट आवळताना स्क्रू किंचित सरकतो, म्हणून शेवटी फट पुन्हा तपासावीच लागते. लेखात ही पायरी गाळलेली आहे.

पुढील अंकात या आकड्याची दुरुस्ती छापताना प्रत्येक आकड्यासोबत इंजिनाचे मॉडेल, कॅमचा प्रकार आणि 'थंड इंजिनावर' हे शब्द द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक