मटकी, भाकरी आणि ब-१२

महोदय,
दूध-अंडी वगळून निव्वळ डाळी-धान्यांवर जगणे महागडे, हा समज चुकीचा आहे. १०० ग्रॅम कोरड्या मटकीत सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. मोड येण्यासाठी मटकी ८-१० तास भिजवावी, पूर्ण निथळावी, सुती फडक्यात सैल बांधून १०-१२ तास ठेवावी. पाणी राहिले किंवा पुरचुंडी घट्ट झाली, की हवा खेळत नाही. मटकी बुळबुळीत होऊन आंबूस वास येतो, उन्हाळ्यात तर लवकरच. उसळीसोबत ज्वारीची भाकरी, वर लिंबू पिळावे. त्याने लोह चांगले शोषले जाते. जेवणालगतचा चहा तेच लोह अडवतो. कळकळीची विनंती एवढीच: ब-१२ जीवनसत्त्व डाळी-भाज्यांतून मिळत नाही. त्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावीच, तिथे काटकसर नको.

– एक वाचक, सोलापूर